ट्रस्टच्या नावे घर : डीड तयार करणे आणि काउंटीत नोंदवणे

सनीवेलचा_रहिवासी :

नमस्कार. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीतील (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) आमचे राहते घर आम्ही २०१४ मध्ये घेतले. मालकी माझ्या आणि पत्नीच्या नावे 'जॉइंट टेनंट्स' (एकाच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जाणारी सहमालकी) अशी आहे. नुकताच आम्ही एका कार्यालयाकडून रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट (हयातीत बदलता किंवा रद्द करता येणारा ट्रस्ट) करून घेतला. ट्रस्टचा जाडजूड दस्त मिळाला, पण घर ट्रस्टमध्ये नेण्यासाठी लागणारे डीड, म्हणजे मालकी हस्तांतरित करणारा दस्त, घेतलेल्या योजनेत समाविष्ट नव्हते आणि ते 'तुम्ही स्वतःही करू शकता' असे सांगण्यात आले. संकेतस्थळांवर ग्रँट डीड, क्विटक्लेम डीड, ट्रस्ट ट्रान्सफर डीड असे तीन नमुने दिसतात. त्यांपैकी कोणता वापरावा, मालमत्ता कराच्या बिलावरील पार्सल क्रमांक आणि पत्ता लिहिला तर पुरेसे होते का, बँकेची परवानगी लागते का आणि या व्यवहारामुळे घराचे पुनर्मूल्यांकन होऊन कर वाढेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. पुण्यातील सदनिकेच्या वेळी आम्ही दोघे साक्षीदारांसह दुय्यम निबंधकांसमोर बसलो होतो. इथे तसे काही असते का, हेही समजलेले नाही.

कागदपत्री :

मी बे एरियात टायटल (मालकी हक्काची तपासणी) आणि एस्क्रोच्या (व्यवहाराचे पैसे व कागद त्रयस्थ म्हणून सांभाळण्याच्या) कामात आहे. वकील नाही, त्यामुळे पुढील मजकूर सल्ला न समजता माहिती समजावा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर उभी आहेत. महाराष्ट्रात लिहून देणार, लिहून घेणार आणि साक्षीदार निबंधकांसमोर हजर असतात, छायाचित्र व अंगठ्याचे ठसे तिथेच घेतले जातात आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली येणारे स्थावराचे खरेदीखत नोंदल्याशिवाय मालकी जात नाही. कॅलिफोर्नियात डीडवर लिहून देणाऱ्याची सही होऊन ते लिहून घेणाऱ्याच्या स्वाधीन झाले की त्या दोघांपुरती मालकी बदलते. काउंटीतील नोंद ही उरलेल्या जगाला दिलेली सूचना असते. एकाने तेच घर दोघांना विकले, तर आधीच्या व्यवहाराची कल्पना नसताना मोबदला देऊन घेणारा आणि आधी नोंदवणारा टिकतो. नोंदणीचे महत्त्व ते एवढे. सही नोटरीसमोर होते, कागद टपालानेही पाठवता येतो आणि काउंटी रेकॉर्डरच्या कार्यालयात तुम्हाला ओळखपत्र घेऊन बसावे लागत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की रेकॉर्डरची खिडकी कागदाचा बाह्य आकार तपासते : नोटरीचे प्रमाणपत्र आहे का, कराविषयीचे निवेदन आहे का, पैसे बरोबर आहेत का, शिक्का छायाप्रतीत वाचता येईल का. लॉट क्रमांक शेजाऱ्याचा पडला असेल, विश्वस्तांचे नाव राहिले असेल किंवा अर्धाच हिस्सा हस्तांतरित झाला असेल, तरीही ते डीड नोंदले जाईल, त्यावर दिनांक आणि दस्त क्रमांक पडेल आणि ते टपालाने घरी येईल. चूक उघडकीस येते ती दहा-पंधरा वर्षांनी, घर विकताना किंवा मालकाच्या मृत्यूनंतर, जेव्हा ती दुरुस्त करू शकणारा माणूस बहुधा हयात नसतो. म्हणून सारी काळजी खिडकीपर्यंत पोहोचण्याआधी घ्यायची असते.

आता नमुना. ट्रस्ट ट्रान्सफर डीड हे बहुतेक ठिकाणी ग्रँट डीडचेच एक रूप असते, तेव्हा त्या दोहोंत फार विचार करू नये. क्विटक्लेम मात्र निराळे आहे. ते आपल्याकडील हक्कसोडपत्राच्या जवळ जाते : माझा काही हक्क असेल तर तो सोडला, असेल की नसेल याची हमी नाही. ग्रँट डीडमध्ये कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेच्या कलम १११३ नुसार दोन हमी न लिहिताही गृहीत धरल्या जातात, एक म्हणजे ही मालमत्ता आधी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही आणि दुसरी म्हणजे लिहून देणाऱ्याने न सांगता कोणताही बोजा निर्माण केलेला नाही. स्वतःच्याच ट्रस्टला स्वतः हमी देण्यात काय अर्थ, असे वाटेल. पण घर घेताना काढलेल्या टायटल विम्याच्या (मालकी हक्कातील दोषांपासून संरक्षण देणाऱ्या विम्याच्या) काही जुन्या पॉलिसींमध्ये मूळ मालकाचे संरक्षण त्याने दिलेल्या हमीच्या आधारे पुढे चालू राहते. क्विटक्लेम केल्यास तो आधार जातो. पॉलिसी बाहेर काढून वाचा आणि शंका असेल तर ग्रँट डीडच करा.

बँकेची परवानगी लागत नाही. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यानुसार कर्जदार स्वतः लाभार्थी राहत असलेल्या लिव्हिंग ट्रस्टमध्ये राहते घर नेल्यास संपूर्ण कर्ज तात्काळ फेडा, अशी मागणी बँकेला करता येत नाही. कर्ज आणि बोजा अर्थातच होते तसेच राहतात. घराच्या विमा कंपनीला मात्र कळवावे आणि विश्वस्तांचे नाव पॉलिसीत घालून घ्यावे. हे काम हमखास राहून जाते.

मिळकतीचे वर्णन आणि नावे यांविषयी स्वतंत्र प्रतिसाद लिहितो, तिथेच जास्त गोंधळ होतो.

रेवा_एम :

वाचते आहे. माझाही याच्याशी जोडलेला प्रश्न आहे, पण आधीचा विषय पूर्ण होऊ द्या.

कागदपत्री :

पार्सल क्रमांक असेसरने (मालमत्तेचे करपात्र मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) कर आकारणीच्या सोयीसाठी दिलेला असतो, तो बदलू शकतो आणि एकट्याने तो मिळकतीचे कायदेशीर वर्णन ठरत नाही. पत्ता तर टपालासाठीच. वर्णन म्हणजे अमुक लॉट, अमुक ट्रॅक्ट क्रमांकाचा नकाशा, तो काउंटीच्या नकाशांच्या कोणत्या पुस्तकात कोणत्या पानावर दाखल आहे, हा मजकूर. गावाकडच्या दस्तातील गट क्रमांक आणि चतुःसीमा यांचे काम इथे तो करतो. हा मजकूर कराच्या बिलावरून किंवा घरविक्रीच्या संकेतस्थळावरून घेऊ नये. २०१४ चे नोंदलेले डीड समोर ठेवून त्यावरून अक्षरशः उतरवून घ्यावा आणि टंकलेखन झाल्यावर एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने जुळवावे. कॉन्डो किंवा टाउनहोम असेल तर वर्णनाचे तीन-चार परिच्छेद असतात : तुमचे युनिट, सामाईक जागेतील अविभक्त हिस्सा, वाहनतळाचा वापर, येण्याजाण्याचा हक्क. लोक पहिला परिच्छेद उतरवतात आणि पान उलटायला विसरतात. मग युनिट ट्रस्टकडे आणि सामाईक हिस्सा मूळ नावावर, अशी चमत्कारिक अवस्था होते.

नावांबाबत आपल्या लोकांची अडचण खास आपली आहे. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून लागते, ते एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षरापुरते आणि तिसऱ्यावर गायब असते. पारपत्रावर नाव आणि मधले नाव एकाच रकान्यात असते. लग्नानंतर बदललेले आडनाव एका ठिकाणी नवे आणि दुसरीकडे जुने असते, आणि नागरिकत्व घेताना नाव आटोपशीर केले असेल तर आणखी एक रूप तयार होते. काउंटीतील दस्त लिहून देणारा आणि लिहून घेणारा यांच्या नावांच्या सूचीतून शोधले जातात. २०१४ च्या डीडवर जे नाव लिहून घेणारा म्हणून लागले, त्याच नावाने तुम्ही आता लिहून देणारे झाला नाहीत, तर शोध घेणाऱ्याला साखळीतील कडी सापडत नाही. त्यामुळे नाव बदलले असेल तर नवे नाव लिहून पुढे 'ज्यांनी अमुक नावाने मालकी संपादन केली' असे स्पष्ट लिहावे, आणि सहीदेखील त्यास धरून असावी. नोटरी तुमच्या सध्याच्या ओळखपत्रावरील नाव पाहतो, रेकॉर्डरची सूची जुने नाव पाहते, आणि या एका वाक्याने दोघांचे समाधान होते.

लिहून घेणारा कोण, हेही नीट पाहावे. ट्रस्ट ही कंपनीसारखी स्वतंत्र व्यक्ती नसते, मालकी विश्वस्तांच्या नावे असते. म्हणून 'अमुक कुटुंब ट्रस्ट' एवढेच न लिहिता तुम्हा दोघांची नावे, 'विश्वस्त' हे पद, ट्रस्टचे पूर्ण नाव आणि ट्रस्टच्या दस्ताचा दिनांक, असे सगळे आले पाहिजे.

कराचे निवेदन डीडच्या दर्शनी पानावर लागते. कॅलिफोर्नियात विक्रीवर दर हजार डॉलरला १ डॉलर १० सेंट असा डॉक्युमेंटरी ट्रान्सफर टॅक्स आहे आणि काही शहरे त्यावर आपला कर लावतात. तुमच्या व्यवहारात मोबदला नसल्यामुळे तो शून्य आहे, पण शून्य का, ते कारण महसूल संहितेच्या कलमासह लिहावे लागते. मोबदल्याविना रिव्होकेबल ट्रस्टला हस्तांतर, कलम ११९३०, असे साधारणतः लिहितात. शिवाय २०१८ पासून परवडणाऱ्या घरांच्या निधीसाठी प्रत्येक व्यवहारात प्रत्येक मिळकतीमागे प्रत्येक दस्ताला ७५ डॉलर, जास्तीत जास्त २२५ डॉलर, असे शुल्क आले आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या हस्तांतराला त्यातून सूट आहे, मात्र ती दस्तावर लिहून मागावी लागते. न मागितल्यास शुल्क द्यावे लागते.

पुनर्मूल्यांकनाची भीती १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे (मतदारांनी मंजूर केलेल्या तरतुदीमुळे) आहे. मालक बदलेपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढत नाही, म्हणून मालक 'बदलला' अशी नोंद होणे महागात पडते. स्वतःच्या रिव्होकेबल ट्रस्टमध्ये घर नेणे हा कलम ६२(ड) नुसार मालकीबदल मानला जात नाही. पण असेसरला ते आपोआप कळत नाही. त्यासाठी डीडसोबत प्रिलिमिनरी चेंज ऑफ ओनरशिप रिपोर्ट, म्हणजे पीसीओआर, हा बीओई-५०२-ए क्रमांकाचा अर्ज भरून द्यायचा आणि त्यात ट्रस्टचा योग्य चौकोन खूण करायचा. तो न दिल्यास डीड नोंदले जाते, २० डॉलर जास्त पडतात आणि नंतर असेसरकडून पत्र येते. हा अर्ज सार्वजनिक होत नाही, त्यामुळे तो मोकळेपणाने आणि पूर्ण भरावा.

मिडलसेक्सकर :

उत्तम माहिती. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, की वरील बहुतेक तपशील कॅलिफोर्नियापुरते आहेत. मी न्यू जर्सीत आहे. इथे डीड बहुतेक काउंट्यांमध्ये काउंटी क्लार्ककडे नोंदवतात, एसेक्स आणि हडसन काउंट्यांत त्यासाठी वेगळे रजिस्टर आहेत. मिळकत ब्लॉक आणि लॉट क्रमांकाने ओळखली जाते, डीड कोणी तयार केले त्याचे नाव पहिल्या पानावर लागते आणि मोबदला एक डॉलर असला तरी विक्रेत्याच्या निवासाविषयीचा जीआयटी/आरईपी-३ हा अर्ज जोडावाच लागतो. आमच्या परिचयातील एका दांपत्याचे डीड याच एका कागदावाचून परत आले. आपण काही विकलेच नाही, तर विक्रेत्याचा अर्ज कशाला, असा त्यांचा समज होता आणि तो अगदी स्वाभाविक आहे. अर्जात मोबदला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी असल्याचा चौकोन आहे, तो अशा प्रसंगासाठीच आहे. रियल्टी ट्रान्सफर फी माफ व्हावी म्हणून आरटीएफ-१ हे प्रतिज्ञापत्रही लागते.

आणखी एक फरक ट्रस्टशी संबंधित आहे. न्यू जर्सीत पतिपत्नीने एकत्र घेतलेले घर सहसा 'टेनन्सी बाय द एन्टायरटी' (पतिपत्नींची अविभाज्य सहमालकी) या प्रकारात असते आणि दोघांपैकी एकाच्या धनकोपासून त्यामुळे बरेच संरक्षण मिळते. घर ट्रस्टमध्ये नेले की ते संरक्षण जाऊ शकते. डॉक्टर आणि व्यावसायिक मंडळींनी केवळ कॅलिफोर्नियातील मित्राने केले म्हणून इथे ट्रस्टचे डीड करू नये. प्रोबेट, म्हणजे मृताची मालमत्ता वारसांकडे नेण्याची न्यायालयीन प्रक्रिया, इथे तुलनेने सोपे आहे.

डॅलसवाला :

टेक्सासची थोडक्यात भर घालतो. इथे हस्तांतरणावर राज्याचा कर नाही. मालकीची हमी देणारे वॉरंटी डीड किंवा स्पेशल वॉरंटी डीड वापरतात आणि क्विटक्लेम दिसले की टायटल कंपन्या कपाळाला आठ्या घालतात. डीडवर लिहून घेणाऱ्याचा टपालाचा पत्ता लागतो. वर मोठ्या ठळक अक्षरांत गोपनीयतेच्या हक्काची सूचना असते, सोशल सिक्युरिटी किंवा वाहन परवान्याचा क्रमांक दस्तातून खोडण्याचा अधिकार तुम्हाला आहे, अशा आशयाची. ट्रस्टमध्ये घर नेताना होमस्टेड सवलत (राहत्या घरावरील करसवलत) टिकावी म्हणून ट्रस्टच्या मजकुरात काही विशिष्ट तरतुदी असाव्या लागतात, त्या आधी तपासाव्यात. आणि स्वतःचे डीड स्वतः लिहिण्यास हरकत नसली, तरी मोबदला घेऊन दुसऱ्याचे डीड तयार करून देणे हे इथे मुख्यतः वकिलाचे काम आहे. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात 'मी करून देतो' म्हणणाऱ्यांनी आणि त्यांच्याकडून करून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

विचारवंत_नाही :

एवढा खटाटोप कशासाठी? ऑनलाइन नमुना विकत घ्यावा, भरावा, नोटरी करावा, पाठवावा. नोटरी तपासतोच ना सगळे?

कागदपत्री :

नोटरी डीड वाचतदेखील नाही, आणि त्याने वाचावे अशी अपेक्षाही नाही. २०१५ पासून कॅलिफोर्नियातील प्रत्येक नोटरी प्रमाणपत्रावर एका चौकटीत हेच छापलेले असते, की नोटरी केवळ सही करणाऱ्याची ओळख पडताळतो, दस्तातील मजकुराचा खरेपणा, अचूकता वा वैधता नाही. मालमत्तेच्या दस्तासाठी तो तुमच्या अंगठ्याचा ठसा आपल्या नोंदवहीत घेतो, एका सहीचे जास्तीत जास्त १५ डॉलर घेतो आणि त्याचे काम संपते. ऑनलाइन नमुन्याला माझा विरोध नाही. रिकाम्या जागांत काय भरायचे, ते मात्र नमुना सांगत नाही.

खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आकड्यांत देतो. डीड न झालेला ट्रस्ट घरापुरता रिकामा असतो. मालकाच्या मृत्यूनंतर घर प्रोबेटमध्ये गेल्यास कॅलिफोर्नियात वकिलाचे वैधानिक शुल्क पहिल्या १ लाख डॉलरला ४ टक्के, पुढच्या लाखाला ३ टक्के आणि त्यापुढील ८ लाखांना २ टक्के आहे. म्हणजे १० लाखांच्या घरावर २३,००० डॉलर, आणि व्यवस्थापकालाही तेवढेच घेण्याचा अधिकार आहे. हे शुल्क घरावरचे कर्ज वजा न करता पूर्ण किमतीवर मोजतात. ट्रस्टच्या परिशिष्टात घराचा उल्लेख असल्यास न्यायालयात अर्ज करून कधी कधी सुटका होते, १९९३ च्या हेगस्टॅड निकालानंतर तो मार्ग रूढ आहे, पण तोही वकील, खर्च आणि काही महिने मागतो.

सनीवेलचा_रहिवासी :

ट्रस्टऐवजी मृत्यूनंतर हस्तांतर करणारे डीड हा पर्याय कसा आहे?

कागदपत्री :

कॅलिफोर्नियात २०१६ पासून आहे. २०२२ पासून दोन साक्षीदार लागतात, नोटरी लागतो आणि नोटरी झाल्यापासून ६० दिवसांत नोंदवावे लागते, अन्यथा ते निष्प्रभ ठरते. एक घर आणि एकच सज्ञान वारस असेल तर चालून जाते. मुले लहान असतील तर नको. तुमचा ट्रस्ट झालेला आहे, तोच पूर्ण करा.

रेवा_एम :

आता माझा प्रश्न विचारते. २०१९ मध्ये आम्ही फ्रीमाँटला घर घेतले तेव्हा मी एच-४ (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या) व्हिसावर होते आणि माझे उत्पन्न नव्हते, म्हणून कर्ज पतीच्या एकट्याच्या नावे झाले. क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होण्याच्या) वेळी माझ्याही दोन-तीन सह्या घेतल्या होत्या. अलीकडे कागद काढून पाहिले तेव्हा त्यांत 'इंटरस्पाउजल ट्रान्सफर ग्रँट डीड' दिसले. याचा अर्थ घरावर माझा हक्क नाही असा होतो का? आता माझे नाव लावता येईल का? मला अजून ग्रीन कार्ड मिळालेले नाही.

कागदपत्री :

रेवाताई, हा प्रश्न आपल्या समाजातील अनेक घरांचा आहे आणि तो विचारल्याबद्दल आभार. कॅलिफोर्निया हे सामुदायिक मालमत्तेचे राज्य आहे, लग्नानंतरच्या कमाईतून घेतलेले घर सहसा दोघांचे मानले जाते. कर्ज एकाच्याच पात्रतेवर द्यायचे असल्यामुळे दुसऱ्याने आपला हितसंबंध पहिल्याला दिला, असे डीड करून घेण्याची प्रथा पडली. ते क्लोजिंगच्या ढिगात सहीसाठी पुढे येते आणि कोणी समजावून सांगत नाही. दस्तावर 'एकट्याची स्वतंत्र मालमत्ता' असे शब्द आहेत का, ते पाहा. ते असले तरी त्याचा परिणाम न्यायालयात वादाचा होऊ शकतो, पण वादाची वेळ येण्याआधीच दुरुस्ती केलेली बरी.

नाव लावण्यासाठी पतीने आता तुम्हा दोघांच्या नावे डीड लिहून द्यायचे. पतिपत्नींमधील हस्तांतराला पुनर्मूल्यांकन नाही आणि ट्रान्सफर टॅक्सही नाही. गार्न-सेंट जर्मेन कायद्यात जोडीदाराला सहमालक करण्याचीही मुभा आहे, त्यामुळे कर्जाची चिंता नको. खरा निर्णय मालकीच्या प्रकाराचा आहे. लोक सवयीने 'जॉइंट टेनंट्स' लिहितात. त्यात एकाच्या मृत्यूनंतर घर प्रोबेटविना दुसऱ्याकडे जाते हे खरे, पण भांडवली नफ्यासाठी मूळ किंमत फक्त मृताच्या अर्ध्या हिस्स्याची नव्याने, मृत्यूच्या वेळच्या बाजारभावाने, धरली जाते. 'उत्तरजीवित्वाच्या हक्कासह सामुदायिक मालमत्ता' हा प्रकार जुलै २००१ पासून उपलब्ध आहे. त्यातही प्रोबेट टळते आणि दोन्ही हिस्स्यांची किंमत नव्याने धरली जाते. बे एरियात वीस वर्षांत घराची किंमत जशी वाढते, ते पाहता हा फरक लाखो डॉलरच्या नफ्यावरील कराचा असू शकतो. मात्र हा प्रकार डीडमध्ये स्पष्ट शब्दांत लिहिला पाहिजे, तो गृहीत धरला जात नाही.

सावधगिरी एकच. घेणारा जोडीदार अमेरिकन नागरिक नसेल तर पतिपत्नींमधील भेटीला असलेली अमर्याद करसूट लागू होत नाही. अशा भेटीच्या करसुटीला वार्षिक मर्यादा असते, २०२५ साठी ती १,९०,००० डॉलर होती. तुमचा अर्धा हिस्सा मुळात तुमचाच होता की ही नवी भेट आहे, आणि मालकीच्या कोणत्या प्रकारात भेट केव्हा झाली असे धरले जाते, यावर उत्तर अवलंबून राहील. डीडवर सही करण्याआधी सीमापार करांचे काम करणाऱ्या सल्लागाराला एकदा दाखवा.

कोथरूडचे_आजोबा :

आपली सर्वांची चर्चा वाचून धीर आला. आमच्या चिरंजीवांनी कॅलिफोर्नियात घर घेतले तेव्हा सुरुवातीच्या रकमेत आमचा वाटा होता, म्हणून त्यांनी आम्हा उभयतांची नावे सहमालक म्हणून घातली. आता ते म्हणतात, की तुम्ही दोघांनी एक क्विटक्लेम सही करून पाठवा म्हणजे रिफायनान्स (जुने कर्ज फेडून नवे घेणे) सोपे होईल. आमचे वय पाहता तिकडे येणे शक्य नाही. येथील नोटरीची सही चालेल का?

कागदपत्री :

नमस्कार काका. सहीचे आधी सांगतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत वेळ घेऊन जाता येते. पारपत्र न्यावे, दस्त सही न करता न्यावा आणि अधिकाऱ्यासमोरच सही करावी. एका शिक्क्याला ५० डॉलर पडतात. काउंटीला हा मार्ग सर्वांत परिचित आहे. दुसरा मार्ग भारतीय नोटरीचा. त्यावर राज्य शासनाचे साक्षांकन आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (करारातील इतर देशांत मान्य होणारे प्रमाणीकरण) लागते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे ते इथे मान्य होते. ऑनलाइन नोटरीची सेवा अमेरिकेतील अनेक राज्यांत आहे, परंतु ओळख पटवण्याचे तिचे प्रश्न बहुधा अमेरिकेतील कर्ज आणि जुन्या पत्त्यांवर आधारलेले असतात, त्यामुळे भारतात राहणाऱ्यांची गाडी तिथेच अडते. मुखत्यारपत्र देऊन चिरंजीवांना सही करू देता येईल, पण त्या मुखत्यारपत्रालाही हेच सोपस्कार लागतात आणि ते मूळ प्रतीत काउंटीत नोंदवावे लागते.

आता जे आपण विचारले नाही, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचे आहे, ते सांगतो. क्विटक्लेमवर अद्याप सही करू नका. अमेरिकेत न राहणाऱ्या आणि नागरिक नसणाऱ्या व्यक्तीने इथले घर भेट दिल्यास अमेरिकेचा भेटकर लागू शकतो. इथल्या रहिवाशांना असलेली आजीवन सूट त्यांना मिळत नाही, केवळ वार्षिक सूट मिळते, जी २०२५ मध्ये प्रत्येक घेणाऱ्यामागे १९,००० डॉलर होती. दुसरे, आईवडिलांकडून मुलाकडे येणाऱ्या घराला पुनर्मूल्यांकनातून मिळणारी सूट प्रपोझिशन १९ मुळे १६ फेब्रुवारी २०२१ पासून आक्रसली आहे. घर आधी आईवडिलांचे राहते घर असले पाहिजे आणि नंतर मुलाचे. आपण तिथे कधी वास्तव्य केलेले नसल्यामुळे आपल्या हिस्स्यापुरते मूल्यांकन आजच्या भावाने होऊ शकते. आणि घर पुढे आपल्या नावासह विकायचे ठरले, तर अनिवासी विक्रेत्याच्या हिस्स्याच्या किमतीवर खरेदीदार १५ टक्के रक्कम केंद्रीय करासाठी कापून ठेवतो. ती विवरणपत्र भरून जादा असेल तेवढी परत मिळते, पण त्यासाठी आपल्याला इथला करदाता क्रमांक काढावा लागेल.

आपले पैसे कर्ज म्हणून दिले होते, भेट म्हणून, की खरोखर हिस्सा म्हणून, याचा त्या वेळचा काही लेखी कागद असेल तर तो शोधून ठेवा. सल्लागार पहिला प्रश्न तोच विचारील.

कोथरूडचे_आजोबा :

आभारी आहे. बँकेसाठी त्या वेळी एक 'गिफ्ट लेटर' दिल्याचे स्मरते. चिरंजीवांशी बोलतो.

मिडलसेक्सकर :

काका, ते पत्र महत्त्वाचे ठरेल. त्यात रक्कम भेट दिली असे लिहिले असेल आणि डीडवर मात्र आपण मालक असाल, तर दोन कागद दोन गोष्टी सांगत आहेत. त्याची प्रत बँकेकडून मागवता आली तर पाहा.

सनीवेलचा_रहिवासी :

मसुदा तयार केला आहे. दर्शनी पानावर वर डावीकडे कागद परत पाठवण्याचा आमचा पत्ता, उजवीकडची जागा रेकॉर्डरसाठी रिकामी, खाली कराची बिले कुठे पाठवायची तो पत्ता, कराचे निवेदन, निधी शुल्काच्या सुटीचे वाक्य, मग 'आम्ही पती व पत्नी, जॉइंट टेनंट्स, पुढील विश्वस्तांना देत आहोत' हे कलम आणि लॉटचे वर्णन परिशिष्ट 'अ' म्हणून जोडले आहे. पत्नीचे नाव २०१४ नंतर बदलले, त्यामुळे ते सुचवलेले वाक्य घातले. परिशिष्टाचा उल्लेख डीडमध्ये कुठे करायचा? आणि नोंदल्यानंतर आमच्याकडे एका खाजगी कंपनीचे पत्र आले तर? शेजाऱ्यांना 'तुमच्या डीडची प्रमाणित प्रत मागवा' असे शासकीय दिसणारे पत्र आले होते.

कागदपत्री :

देण्याच्या कलमातच, काउंटी आणि राज्याचे नाव लिहून झाल्यावर, 'सोबतच्या परिशिष्ट अ मध्ये वर्णन केलेली मिळकत' असे लिहा आणि पार्सल क्रमांक खाली माहितीसाठी ठेवा. वर उजवीकडची जागा अडीच इंच उंच आणि पाच इंच रुंद लागते, मोजून पाहा. कागद साडेआठ बाय अकराचाच असावा, अन्यथा प्रत्येक पानाला जादा शुल्क पडते. नोटरीचा शिक्का मजकुरावर किंवा सहीवर पडू देऊ नका. डीड परत येण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

ती पत्रे जाहिराती असतात. प्रत हवी असल्यास काउंटीकडून थोडक्या शुल्कात मिळते आणि तुमची मूळ प्रत तर टपालाने येणारच आहे. ती आल्यावर पहिल्या पानावरचा दस्त क्रमांक टिपून काउंटीच्या ऑनलाइन सूचीत दोन्ही नावांनी शोध घ्या, पत्नींच्या जुन्या नावानेही. सूचीत नाव चुकीचे चढले असेल तर लगेच कळवा. डीडमध्येच चूक आढळली तर मूळ कागदावर खाडाखोड करून ठेवू नका. दुरुस्तीचे कारण लिहून नव्याने सह्या आणि नोटरी करून ते पुन्हा नोंदवावे लागते, आणि तुम्ही दोघे हाताशी असताना ते सोपे आहे.

रेवाताई, तुमच्या डीडचा मालकीचा परिच्छेद वैयक्तिक तपशील झाकून इथे टाकलात तर त्यातील शब्दांविषयी लिहू शकेन.

रेवा_एम :

उद्या टाकते. त्यात 'सोल अँड सेपरेट प्रॉपर्टी' हे शब्द आहेत.